वयाआधी जाणती झालेली रखमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यासाठी तुम्हीही काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या याद्या आणि भिशीचा हिशोब यापलीकडे लिहिण्याची मला सवय नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात डॉक्टर रखमाबाईंचे चरित्र मी दुपारच्या वेळात वाचून काढले आणि ते मनात घर करून राहिले. आपणा बायकांच्या रोजच्या बोलण्यात अहिल्यादेवी येतात, सावित्रीबाई येतात, आनंदीबाई जोशी येतात. रखमाबाईंचे नाव मात्र क्वचितच निघते. म्हणून जसे समजले तसे सांगते. चुकले माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. ही जयंतीबाई कोण, तर चौदाव्या वर्षी लग्न झालेली, पंधराव्या वर्षी आई झालेली आणि सतराव्या वर्षी कपाळाचे कुंकू गेलेली मुलगी. ज्या वयात आपल्या मुली दहावी-बारावीची पुस्तके उशाशी घेऊन झोपतात, त्या वयात या माउलीचा एक संसार मांडून मोडलाही होता आणि पदरात लहानगी रखमा होती.

त्यांचा समाज सुतारांचा. त्या समाजात विधवेचे दुसरे लग्न होत असे. काही वर्षांनी जयंतीबाईंचे लग्न डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. हे मोठे विद्वान गृहस्थ. मुंबईत डॉक्टर म्हणून त्यांचे नाव होते आणि झाडापाल्यांचाही त्यांचा अभ्यास होता. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहास संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. दुसऱ्या लग्नाच्या वेळी जयंतीबाईंनी एक गोष्ट विचाराने केली. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावाने करून दिली. पुढे या मालमत्तेवरून बरेच बोलले गेले, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सावत्र बाप म्हटला की आपल्या कपाळाला आठी पडते. परंतु सखाराम अर्जुनांनी या मुलीला पोटच्या लेकीप्रमाणे वाढविले. तरीही काळच असा होता की, अकरावे वर्ष लागले तशी मुलीच्या लग्नाची घाई झाली. नात्यातला दादाजी भिकाजी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पाहिला. घरची गरिबी होती. म्हणून ठरले असे की, जावयाने सासरीच राहावे, त्याच्या शिक्षणाचा आणि जेवणाखाणाचा भार डॉक्टरांनी उचलावा आणि त्याने शिकून कर्तबगार व्हावे. लग्न झाले. लग्नाबरोबर रखमाची शाळा सुटली. अकरा वर्षांची मुलगी, पाटीदप्तर गेले आणि गळ्यात मंगळसूत्र आले.

लवकरच रखमा वयात आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी न्हातीधुती झाली की गर्भाधानाचा विधी करीत आणि तिला नवऱ्याच्या स्वाधीन करीत. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मुलींच्या शरीराची काय दशा होते ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी साफ नकार दिला. मुलगी अजून लहान आहे, ती आमच्याच घरी राहील, असे त्यांनी ठरविले. भगिनींनो, रखमाबाईंच्या साऱ्या आयुष्याचा पाया या एका नकारात आहे असे मला वाटते. घरातल्या कर्त्या माणसाने त्या मुलीला थोडी वर्षे मिळवून दिली.

या वर्षांत दोघांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. दादाजीला शिक्षणाची गोडी लागली नाही. थोड्याच दिवसांत तो डॉक्टरांचे घर सोडून आपल्या मामाकडे राहायला गेला. पुढे प्रकृतीही ढासळली. इकडे रखमाबाई घरीच होत्या. शाळा नव्हती, तरी पुस्तके होती. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्या वाचीत. इंग्रजीचा अभ्यास त्यांनी चिकाटीने चालू ठेवला. डॉक्टरांच्या घरी सुधारक मंडळींचा राबता असे; त्यांचे बोलणे कानांवर पडे. घरात धाकटी भावंडे होती, येणेजाणे होते, घरकामही होतेच. त्यातून वेळ काढून ही मुलगी आपली आपण शिकत होती. तेराव्या, पंधराव्या, अठराव्या वर्षी तिच्या मनात एकच गोष्ट हळूहळू पक्की होत गेली की, ज्या माणसाशी माझे लग्न मला न विचारता, न कळत्या वयात लावून दिले, त्याच्या घरी नांदायला जाणे मला शक्य नाही.

हे आज वाचायला सोपे वाटते. पण त्या काळी मुलीने असे मनात आणणेसुद्धा पाप समजत. सासरी दुःख असो, दारिद्र्य असो, व्यसन असो, मुलीने नांदायला गेलेच पाहिजे. फार तर माहेरी येऊन रडावे आणि डोळे पुसून पुन्हा जावे.

१८८४ साली रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. मार्च महिन्यात दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठविली की, माझी बायको माझ्या घरी पाठवा. तिकडून नकार गेला. मग त्याने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद केली. असा दावा इकडे नवीनच होता. नवऱ्याच्या घरी कधी एक दिवसही न राहिलेल्या बायकोला सरकारने हुकूम करून नांदायला पाठवावे, अशी ती मागणी होती.

खटला चालू होण्यापूर्वीच मोठा घाव बसला. एप्रिल १८८५ मध्ये डॉक्टर सखाराम अर्जुन वारले. ज्यांच्या आधारावर ही मुलगी उभी होती तो आधारच गेला. मागे राहिली पुन्हा एकदा विधवा झालेली आई, लहान भावंडे आणि कोर्टाचे कागद. रखमाबाई वीस वर्षांच्या होत्या. आता बोलणारे पुष्कळ होते आणि पाठीशी उभे राहणारे थोडे. अशा वेळी कोणीही म्हणाले असते की, बाई गं, आता हट्ट पुरे, जा आपल्या घरी. त्या गेल्या नाहीत.

उलट त्याच वर्षी जून आणि सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पत्रात एका हिंदू स्त्रीची म्हणून दोन पत्रे छापून आली. नाव नव्हते. पहिल्यात बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे तुटते, मन आणि शरीर कसे खुंटते ते लिहिले होते; दुसऱ्यात विधवांच्या हालांविषयी होते. ही पत्रे रखमाबाईंची होती. अकराव्या वर्षी जिची शाळा सुटली त्या मुलीने विसाव्या वर्षी इंग्रजीत लिहून साऱ्या मुंबईला विचार करायला लावले. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. मला हे वाचून किती वाटले असेल ते सांगायला नको.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. त्यांचे म्हणणे असे पडले की, हे लग्न मुलीच्या अजाण वयात झाले, दोघे कधी एकत्र राहिलेली नाहीत, तेव्हा जाणत्या झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्या माणसाच्या घरी ढकलणे हा जुलूम होईल. दावा फेटाळला. रखमाबाई जिंकल्या. आणि गदारोळ उठला. पुष्कळांना वाटले की, परक्या सरकारचे कोर्ट आमच्या धर्मात आणि घरात हात घालते आहे. लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या पुरुषानेही या निकालावर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी यांच्यासारख्या सुधारकांनी रखमाबाईंची बाजू घेतली. एका तरुण मुलीच्या संसाराची गोष्ट घरोघर चर्चिली जाऊ लागली. कोणी म्हणत, शिकली म्हणून बिघडली. कोणी म्हणत, पैशासाठी आईने मुलीला अडकवून ठेवले. आपल्या आळीत कोणाच्या मुलीविषयी चार शब्द उठले तर त्या घरच्यांना आठ दिवस घास गोड लागत नाही. इथे तर साऱ्या देशातली वर्तमानपत्रे लिहीत होती आणि पुढे विलायतेतलीही लिहू लागली.

दादाजीने अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरविला आणि खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. लग्न झाले म्हणजे झाले, त्याला बायकोची संमती कशाला, अशी कायद्याची वाट निघाली.

१८८७ च्या फेब्रुवारीअखेरीस डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेतून डॉक्टरीची पदवी घेऊन आलेल्या त्या मुलीला एक दिवसही काम करण्यास मिळाले नाही. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंविरुद्ध निकाल दिला. एका महिन्यात नवऱ्याच्या घरी राहायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा तो हुकूम. रखमाबाईंनी शांतपणे कळविले की, कायद्याची जी जास्तीत जास्त शिक्षा असेल ती मी भोगीन, पण नांदायला जाणार नाही.

भगिनींनो, मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. बावीस वर्षांची मुलगी. चांगल्या घरातली, कधी उंबऱ्याबाहेर एकटी न गेलेली. तिच्यापुढे दोन दारे होती आणि दोन्ही दुसऱ्यांनी उघडलेली. तिने त्यातले तुरुंगाचे दार निवडले, कारण सहा महिन्यांनी त्या दारातून बाहेर येता येते. दुसऱ्या दारातून बाहेर येण्याची त्या काळी सोय नव्हती.

तिची बाजू लावून धरण्यासाठी आता एक समिती उभी राहिली. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर एडिथ पीची या इंग्रज बाईंनी तिला मनापासून साहाय्य केले. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तिची कहाणी सांगितली. शेवटी १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. राणीच्या हुकुमाने लग्न मोडले असे काही ठिकाणी सांगतात, पण ते तसे नाही. ती मोकळी झाली ती पैसे भरून. न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही, पण तुरुंग टळला आणि पायातली बेडी गळून पडली.

इथपर्यंतची गोष्ट धैर्याची झाली. परंतु मला अधिक शिकविले ते पुढच्या भागाने. एखादी गोष्ट नको म्हणणे अवघड असते हे खरे. पण नको म्हटल्यानंतर पुढे काय करायचे हे ठरविणे त्याहून अवघड. नांदायला न गेलेली बाई म्हणून ती जन्मभर आईच्या घरी माळ जपत बसली असती तरी कोणी दोष दिला नसता. रखमाबाईंनी ठरविले की, आपण डॉक्टर व्हायचे. १८८९ साली, चोविसाव्या वर्षी, त्या आगबोटीने विलायतेस निघाल्या. लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा होती, तिथे त्यांनी प्रवेश घेतला. परका मुलुख, थंडी, वेगळे खाणेपिणे आणि अकराव्या वर्षी तुटलेले शिक्षण. सगळे पहिल्यापासून जोडून घ्यायचे. १८९४ पर्यंत त्यांनी परीक्षा पार केल्या, ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवी मिळविली आणि १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात कामाला लागल्या. आपल्या देशात प्रत्यक्ष काम केलेल्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

तिथे त्यांनी दोन तपांच्या जवळपास काढली. बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणे म्हणजे मरायला जाणे, असे बायका समजत. अशा बायकांचा विश्वास मिळवीत, त्यांच्यापैकीच एक होऊन त्यांनी काम केले. १९१७ च्या सुमारास त्यांना सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याविषयी विचारणा झाली. ती नाकारून त्या राजकोटला जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. सारी मिळून पस्तीस वर्षांची सेवा. निवृत्तीच्या वेळी पडदा पद्धत बंद झाली पाहिजे म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. म्हातारपण मुंबईत घालवून २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन त्या वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि नको असलेल्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट हिंदू स्त्रीला कायद्याने मिळाली. जिने ती वाट नसताना चालून दाखविली, तिच्या हयातीत ती झाली, एवढे तरी समाधान.

त्यांच्या खटल्याने जो विचार सुरू झाला त्याचाही उपयोग झाला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय दहावरून बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचे वय चौदा झाले आणि १९७८ साली मुलीचे अठरा ठरले. दहा, बारा, चौदा, अठरा. एकेका पायरीला किती वर्षे लागली ती पाहा.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करते. १९०४ साली दादाजी वारला. तेव्हा डॉक्टर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली. हे वाचून मी बुचकळ्यात पडले. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी पांढरे लुगडे का? शेजारच्या काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या की, जन्माचे संस्कार असे एका निकालाने पुसत नाहीत. माझ्या मुलीला विचारले तर ती म्हणाली की, काय नेसायचे ते तिने ठरविले ना, मग झाले. दोघींचेही मला पटते. एवढे मात्र खरे की, कोणी सांगितले म्हणून त्यांनी आयुष्यात फारसे काही केले नाही.

आता घरचे. माझी शाळा सातवीनंतर सुटली, कारण गावात पुढचे वर्ग नव्हते आणि मुलीला लांब पाठविणे कोणाला पसंत नव्हते. लग्नानंतर सगळे मला तू आता मोठी झालीस म्हणू लागले. पण कोणत्याही गोष्टीत मला काय वाटते, असे कोणी विचारीत नसे. मोठेपण अंगावर पडले होते, हातात काही आले नव्हते. माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. याच वर्षी तिला एक चांगले स्थळ सांगून आले. मंडळी चांगली, मुलगा नोकरीचा. चार जणांनी सांगितले, आलेली संधी सोडू नका. माझेही मन वळले होते, खोटे का सांगू? त्याच आठवड्यात हे चरित्र वाचत होते. सखाराम अर्जुनांनी मुलगी अजून लहान आहे म्हणून सांगितले, ते पान वाचले आणि रात्री मुलीला जवळ बसवून प्रथमच विचारले की, बाळ, तुझे काय म्हणणे आहे. शिक्षण पुरे करून, दोन वर्षे नोकरी करून मग, असे ती म्हणाली. आम्ही त्या मंडळींना तसे कळविले. त्यांनी दुसरीकडे जमविले. मला एक दिवस वाईट वाटले, मग वाटले नाही.

सगळ्याच मुली रखमाबाई होणार नाहीत आणि कोणाच्या मुलीवर तसा प्रसंगही न येवो. पण प्रत्येक घरातली मुलगी कधी ना कधी जाणती होऊन काही सांगू पाहते. तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे, एवढेच या चरित्रातून मी घेतले. मंडळाच्या भगिनींनी ते जरूर वाचावे आणि वाचून झाले की घरातल्या मुलीच्या हाती द्यावे.